बिल्ला नंबर त्रेपन्न

ता. ११ जानेवारी

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोन का केला नाही म्हणशील. आमच्या घरात काही खासगी बोलायचं तर रस्त्यावर जाऊन बोलावं लागतं, आणि बाहेर अशी थंडी आहे की दुसऱ्या वाक्याला दात वाजायला लागतात. म्हणून हे दुकानात बसून लिहितेय, शिलाई मशीनवर वही ठेवून. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठव.

घरात एकही दार लागत नाही. हे लावू देत नाहीत. न्हाणीघराची कडी ह्यांनी नऊ वर्षांपूर्वीच काढली. मी आंघोळीला गेले की सतत गाणं म्हणायचं, म्हणजे आत कोणी आहे हे ह्यांना कळतं. पन्नाशीच्या बाईनं रोज सकाळी गात आंघोळ करायची! शेजारीण म्हणते, किती आनंदी स्वभाव तुमचा.

फ्रीज बंद करताना आत हात फिरवून बघतात. गाडीची डिकी तीन-तीनदा उघडतात. इतकी वर्षं मी हसून घेतलं, पण आता ते नोकरीवर येऊन ठेपलंय. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातली यंत्रं माणूस उभा राहील एवढी मोठी असतात. हे दार लावतात, उघडतात, चादरी चाचपतात, पुन्हा लावतात, पुन्हा उघडतात. दोनदा समज मिळाली. तिसऱ्यांदा घरी बसवतील. अठ्ठावन्नाव्या वर्षी ह्यांना दुसरं काम कोण देणार?

टाकीची गोष्ट तुला मी सांगावी हे हास्यास्पद आहे, पाय तुझा मोडला. पण मला ती इतक्यांदा ऐकावी लागते की तोंडपाठ झालीय. साबणाच्या कारखान्यात टाकी धुवायला जो आत उतरेल, त्यानं आपला पितळी बिल्ला झाकणाशेजारच्या हुकावर अडकवायचा. बाहेरच्यानं हूक बघायचा, रिकामा असेल तरच झाकण लावायचं. "मी हूक बघितला. रिकामा होता." मग झाकण, मग बटण, मग आतली रवी फिरली, मग भिंतीवर तुझे तीन ठोके. ह्यांनीच यंत्र थांबवलं, ह्यांनीच झाकण उघडलं, ह्यांनीच तुला बाहेर ओढलं. आणि चौकशीत तू म्हणालास, बिल्ला लावला होता. साहेबांनी ठरवलं की ह्यांनी हूक बघितलाच नाही, आणि नंतर अंगावर येईल म्हणून बिल्ला कुठेतरी फेकून दिला.

एकवीस वर्षं झाली. आता ह्यांना स्वतःचीच खात्री राहिली नाही. परवा मला विचारत होते, "मी बघितला होता ना गं?" जसं काही मी तिथे उभी होते!

तू एकदा ये, दादा. मी दोनदा तिकडे येऊन गेले, तू एकदाही आला नाहीस. ह्यांना वाटतं तुझ्या मनात अढी आहे. समोर बसून एवढंच सांग की नाही. बाकी काही नको.

तुझी,
धाकटी


ता. २५ जानेवारी

प्रिय धाकटे,

पत्र मिळालं. हातानं लिहिलेला पत्ता बघून तुझ्या वहिनीला वाटलं कुणीतरी वर गेलं. मी म्हटलं, अगं, वर गेलेल्यांचे हल्ली मोबाइलवर मेसेज येतात, पत्र म्हणजे जिवंत माणूस.

लंबूचं वाचून वाईट वाटलं. आम्ही दोघं एकाच दिवशी कामावर लागलो, एकाच डब्यात जेवलो, आणि तुझ्यासाठी त्यानं विचारलं तेव्हा घरात पहिला हो मी म्हटला. माझ्या मनात अढी असती तर इतकी वर्षं लपली असती का? तूच सांग त्याला, की काही नाही.

बरं, नुसत्या निरोपानं भागायचं नाही म्हणतेस, तर येतो. वीस फेब्रुवारीचं तिकीट काढलंय. दोन विमानं बदलायची. माझ्या छोट्या कारखान्यात तिन्ही लेथवर पोरं तयार आहेत, मी नसलो तर उलट त्यांचं काम शांतपणे होईल. मी दिवसभर एकेका तुकड्यावर हातोडी टिचकावून "ह्याला आतून चीर आहे" म्हणत फिरतो, त्याचा त्यांना वैताग आहे. सगळे मागून मला ठोक्याच म्हणतात. हे नाव लंबूनंच पाडलेलं, त्याला आठवत असेल.

काळजी एकच, ती मांडीतली सळई. हातभर लांब पोलाद, वर एक स्क्रू, खाली दोन. एक्स-रे बघून मी डॉक्टरला म्हटलं होतं, खालचा स्क्रू दोन आटे कमी बसलाय. तो म्हणाला, "तुम्ही बेशुद्ध होतात म्हणून मी वाचलो, नाहीतर पाना मागितला असता." तर विमानतळाची ती चौकट वाजणार हे नक्की. डॉक्टरचं पत्र घेतलंय, शिक्क्यासकट.

आणि जुनं फार उकरत बसू नका दोघं. झालं ते झालं.

तुझा,
दादा


ता. २४ फेब्रुवारी

दादा,

आम्ही तीन तास उभे होतो. ह्यांनी नवा शर्ट घातला होता. दार सरकायचं, माणसं बाहेर यायची, दार मिटायचं. दार मिटलं की हे पुढे होऊन वाकून बघायचे. शेवटी तिथला माणूस म्हणाला, या विमानातलं आता कोणी राहिलं नाही.

घरी आल्यावर तुझा फोन, "तब्येत बरी नाही." वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, तू वेळेवर निघालास, टॅक्सीत बसून हात हलवलास आणि संध्याकाळी बॅगेसकट परत आलास. म्हणजे घरी बरा होतास, इकडे यायच्या वाटेवर आजारी पडलास.

हे एवढंच म्हणाले, "त्याचं बरोबर आहे." दुसऱ्या दिवशी स्क्रूड्रायव्हर घेऊन घरातली सगळी दारं बिजागऱ्यांतून काढली आणि व्हरांड्यात एकावर एक रचून ठेवली. आता माझ्या घरात फक्त चौकटी आहेत. सगळीकडून सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, आणि मला मात्र कोंडून घातल्यासारखं होतं. रडायलासुद्धा आडोसा नाही रे. दुकानात कपडे घालून बघायच्या खोलीत जाऊन रडते, गिऱ्हाईक नसलं की.

यायचं नव्हतं तर हो कशाला म्हणालास?

धाकटी


ता. ९ मार्च

प्रिय धाकटे,

वहिनीलाही जे सांगितलं नाही ते तुला सांगतो. तिला "चक्कर आली" म्हणून सांगितलंय, तेवढंच ठेव.

मी विमानतळावर चार तास आधी पोचलो होतो. पट्टा, घड्याळ, किल्ल्या, सगळं ट्रेमध्ये टाकलं. चौकटीतून गेलो, चौकट बोंबलली. आतल्या खिशातला बिल्ला राहिला होता, तोही काढून ट्रेमध्ये ठेवला. पुन्हा गेलो, पुन्हा बोंब. मागच्या रांगेतली माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच मला संशयास्पद वाटायला लागलो. मी मांडीवर थाप मारून म्हटलं, "आत लोखंड आहे, साहेब," आणि डॉक्टरचं पत्र पुढे केलं. तिथला जवान म्हणाला, "काका, कागद मला वाचता येतो, यंत्राला येत नाही. पँट उतरवून व्रण दाखवावा लागेल. चला आत."

आत म्हणजे एक खोली. अडीच पावलं लांब, दोन पावलं रुंद, खिडकी नाही, एक स्टूल, भिंती पत्र्याच्या. तो माझ्यामागून आला आणि दार आपोआप लागलं. खट्.

मी आवाजांवर पोट भरलेला माणूस आहे. तू म्हणशील दाराचा आवाज दारासारखा. नाही गं. टाकीच्या झाकणाचे खटके बसताना जसा आवाज झाला होता, हुबेहूब तसा. पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी भिंतीवर मुठीनं ठोकत होतो, तीन-तीनदा, आणि तो बिचारा पोरगा "काका, दार उघडंच आहे, काका, हे बघा" असं ओरडत दार उघडून दाखवत होता. पँट घोट्यापर्यंत आलेली. चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं, एका डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, आणि विमान गेलं. माझी बॅगसुद्धा माझ्यापेक्षा धीट, ती विमानात चढून बसली होती, तिला उतरवावं लागलं.

असा हा तुझा दादा. तीन लेथचा मालक, आणि एका लहानशा खोलीपुढे ततपप झाली. मला यायचं नव्हतं असं नाही. पण ती खोली ओलांडल्याशिवाय तिकडे येता येत नाही, आणि ती खोली मला ओलांडता येत नाही. लंबूला हवं तर हे सांग, हसेल तरी.

तुझा,
दादा


ता. २२ मार्च

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा वाचताना रडायची थांबले.

आतल्या खिशातला बिल्ला? कुठला बिल्ला?

धाकटी


ता. ५ एप्रिल

धाकटे,

पत्र पेटीत टाकून वळलो तेव्हाच लक्षात आलं होतं की काय लिहून बसलो. पेटीत हात घालून काढता आलं असतं तर काढलं असतं. मग वाटलं, कदाचित ती वाचेल आणि पुढे जाईल. पण तू शिवणारी बाई, उसवलेलं तुला लांबून दिसतं.

त्रेपन्न नंबरचा. माझाच.

त्या दिवशी टाकी धुऊन मी बाहेर आलो, रीतसर हुकावरचा बिल्ला काढून खिशात टाकला. लंबूला हाक मारून म्हटलं, झालं. तो झाकण आणायला वळला. तेवढ्यात लक्षात आलं, मोठा पाना आतच राहिला. पाना हरवला की भांडारवाला डोकं खायचा. दोन मिनिटांचं काम, म्हणून तसाच उतरलो. दोन मिनिटांसाठी कोण बिल्ला काढणार, अडकवणार, पुन्हा काढणार. पाना हातात आला आणि वर उजेड गेला.

लंबूनं हूक बघितला होता. हूक रिकामाच होता. बिल्ला माझ्या खिशात होता.

हॉस्पिटलमध्ये कपड्यांची पिशवी उशाशी ठेवलेली, त्यात तो होता. चौकशीवाले साहेब आले, म्हणाले, "बिल्ला लावला होता का? नसेल लावला तर नियम तुम्ही मोडला." पाय टांगलेला. मोठी चार वर्षांची, वहिनीला सातवा. मी म्हटलं, बिल्ला लावला होता. तीन शब्द. मला वाटलं लंबूला फार तर ताकीद देतील. त्याला काढलं, आणि तो बिल्ला फेकणारा ठरला. मग रोज वाटायचं, आज सांगू. मग तुम्ही तिकडे गेलात, आणि सांगायला माणूसच समोर नाही अशी सोय झाली.

फेब्रुवारीत तो बिल्ला त्याच्या हातात द्यायचा म्हणूनच खिशात घेतला होता. हे खरं आहे, तुला पटो न पटो.

आता हे पत्र तू त्याला वाचून दाखव. माझ्याच्यानं ती खोली व्हायची नाही. तोवर त्याची नोकरी जाईल.

दादा


ता. १९ एप्रिल

दादा,

मी वाचून दाखवणार नाही.

पहिले चार दिवस ठरवलं होतं की तुला उत्तरच द्यायचं नाही. एकवीस वर्षं मी ह्यांना समजावत होते, "अहो, चूक होते माणसाच्या हातून, दादानं मनावर घेतलं नाही." ह्यांच्या न केलेल्या चुकीबद्दल मी ह्यांना माफ करत होते! आणि तू दर फोनवर मोठेपणानं सांगायचास, लंबूला म्हणावं मी विसरलो. तू काय विसरलास रे?

मोठी चार वर्षांची आणि वहिनीला सातवा, हे मलाही कळतं. तेव्हाचं मी तेव्हावर सोडते. पण नंतरचं?

त्या खोलीत तू किती वेळ होतास? पाच मिनिटं? हे एकवीस वर्षं त्या टाकीत आहेत. ठोकताहेत, आणि तू, ज्याला लोखंडाच्या आतली चीर ऐकू येते, तू ऐकून गप्प बसलास. ह्यांनी तुझे तीन ठोके ऐकले तेव्हा धावले होते ना?

माझ्या तोंडून ऐकलं तर ह्यांना वाटेल, बायको समजूत घालतेय. तुझ्या तोंडून हवं. समोर बसून.

ह्यांना धुलाईखान्यातून लेखी पत्र आलंय. मेअखेरपर्यंत बघणार आहेत.

खोलीचं काय करायचं ते तू ठरव.

धाकटी


ता. १२ मे, विमानतळावरून

प्रिय धाकटे,

समोर पोस्टाची पेटी आहे, म्हणून हे लिहितोय. मी या पत्राच्या आधी पोचेन. कुणाला काही कळवलं नाही, कारण पुन्हा तीन तास उभं करून परत फिरायची मला छाती नव्हती.

चौकट बोंबलली. जवान या वेळी मिशीवाला, माझ्याच वयाच्या आसपासचा. म्हणाला, "चला आत." मी म्हटलं, "साहेब, एक विनंती. दार उघडं ठेवाल?" म्हणाला, "तुमची पँट उतरवायची आहे, बाहेर बायामाणसं आहेत. दार लागणारच." पाय, म्हणजे सळईवाला नव्हे, चांगला पाय, लटपटायला लागला. मागून एक जण म्हणाला, "अहो काका, आटपा की, आमचं विमान सुटेल." परत फिरायला तोंड वळवलंसुद्धा होतं.

मग ट्रेमधला बिल्ला दिसला.

मी म्हटलं, "दार लावा. पण हा बाहेरच्या मुठीला अडकवू द्या. आत माणूस आहे हे बाहेरून दिसायला हवं."

तो म्हणाला, "ही काय लॉजची खोली वाटली तुम्हाला?" मग बिल्ला उलटासुलटा करून बघितला, यंत्रातून पुन्हा एकदा काढला, आणि म्हणाला, "कारखान्यात होतात का? माझे वडील बॉयलरवर होते." स्वतःच्या हातानं त्यानं तो मुठीला अडकवला. "जाताना आठवणीनं काढा, नाहीतर बेवारस वस्तू म्हणून अख्खा विमानतळ रिकामा करतील."

दार लागलं. खट्. धाकटे, भीती गेली असं लिहिलं तर खोटं होईल, आणि खोटं आता पुरे. कानात रवी फिरायला लागली. मी डोळे मिटून स्वतःला सांगत राहिलो, बिल्ला बाहेर आहे, बिल्ला बाहेर आहे. एकवीस वर्षांपूर्वी जे दोन मिनिटांसाठी केलं नाही ते आज केलं. त्यानं व्रण बघितला, मांडीवरून यंत्र फिरवलं, म्हणाला, "झालं, चढवा पँट." चार मिनिटं लागली असतील.

बाहेर येऊन मी तो काढून घेतला, आणि आता मुठीत धरून बसलोय. लंबू काय म्हणेल ते म्हणो. विमानाची घोषणा झाली.

दादा


ता. १८ जून

ठोक्या,

मला पत्र लिहिता येत नाही, सगळं हिच्याकडून तपासून घेतलंय, पण शब्द माझे आहेत.

तू आलास, टेबलावर बिल्ला ठेवलास आणि सांगितलंस. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही, आणि तू निघालास तेव्हा दारापर्यंतही आलो नाही. दार नव्हतंच म्हणा. माफ केलं असं समजू नकोस. रोज सकाळी उठलो की आधी राग येतो, मग चहा होतो.

पण एक सांगायचं होतं. साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही ते मी सोसलं असतं. पण त्या दिवसानंतरच्या दहाव्या वर्षापासून मीच माझ्यावर विश्वास ठेवेनासा झालो. हूक डोळ्यासमोर आणायचो, कधी रिकामा दिसायचा, कधी बिल्ला लटकलेला दिसायचा. ज्याला स्वतःच्या डोळ्यांची खात्री नाही त्यानं दार एकदा बघितलं काय आणि दहादा बघितलं काय. आता रिकामाच दिसतो. रोज दिसतो. मी बघितला होता, ठोक्या.

धुलाईखान्यात मे महिना निघाला. मोठ्या यंत्राचं दार लावतो, एकदा उघडतो, लावतो. एकदा उघडायचं काही सुटत नाही. साहेब म्हणाले, एकदा चालेल.

गेल्या रविवारी व्हरांड्यातली दारं परत बसवली, न्हाणीघराची कडीसुद्धा. तुझी बहीण दार धरायला होती आणि पूर्ण वेळ मला शिकवत होती. न्हाणीघराबाहेर एक हूक ठोकलाय. तिनं आत जाताना तुझा त्रेपन्न नंबर त्यावर अडकवला आणि आतून कडी लावली. मी बाहेर उभा राहिलो. ती गात नव्हती. नऊ वर्षांत पहिल्यांदा आतून नुसता पाण्याचा आवाज आला, आणि मी हुकाकडे बघत उभा राहिलो. अर्ध्या तासानं बाहेर आली, म्हणाली, "काय बाई शांतता!"

परत यायचं असेल तर ये. बिल्ला मात्र मिळणार नाही, तो इथे लागतो. त्या खोलीसाठी दुसरा घडव, लेथ तुझ्याकडे आहे.

हे पत्र मी मागच्या खोलीत दार लावून लिहितोय. बिल्ला बाहेर अडकवलाय.

लंबू